वाट कोणाची चुकते ? — माणसाची कीं इमारतीची ?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या घरांत एक लहानसा प्रसंग घडला. आमच्या काकू वयानें पंचाहत्तरीच्या पलीकडे. पण रोज पहाटे एकट्या देवळांत जाऊन येणाऱ्या, भाजी स्वतः निवडून आणणाऱ्या आणि घरांतील कोणती वस्तु कोणत्या फडताळांत आहे हें सर्वांस सांगणाऱ्या. रक्ताच्या तपासणीसाठीं त्यांना शहरांतील एका मोठ्या इस्पितळांत नेलें होतें. सोबतचा मुलगा औषधांच्या रांगेंत उभा राहिला आणि काकू "ही आलेंच मी" असें म्हणून तपासणीच्या खोलीकडे गेल्या. पाऊण तास झाला तरी त्या परतल्या नाहींत. शेवटीं त्या सांपडल्या त्या क्ष-किरण विभागाच्या पलीकडे एका बांकावर, मांडीवरील पिशवी दोन्ही हातांनीं घट्ट धरून बसलेल्या. "अरे, माझं डोकंच आतां चालेनासं झालंय. मला एकटीला कुठं सोडूं नका," एवढेंच त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळीं घरांत जो विचारविनिमय झाला तो बहुतेक घरांत होतो तसाच झाला. एकानें स्मृतिभ्रंशाचें नांव काढलें, दुसऱ्यानें वय काढलें, आणि काकूंनीं यापुढें एकटीनें बाहेर पडूं नये असा ठराव कोणी न मांडतांच मंजूर झाला. आम्हींही त्यास मान हालविली. पुढील आठवड्यांत तपासणीचा अहवाल आणण्यासाठीं त्याच इस्पितळांत जाण्याची पाळी आमच्यावर आली, आणि—सांगण्यास संकोच वाटतो—परततांना आम्हीही त्याच बांकापाशीं जाऊन पोंचलों. तेव्हां कोठें मनांत आलें : दोष काकूंच्या डोक्याचा होता, कीं ज्या डोक्यानें तें इस्पितळ आंखलें त्याचा ?

हा प्रश्न केवळ मनाच्या समाधानासाठीं विचारलेला नाहीं. इमारतींत माणसें वाट कशी काढतात, कोठें थबकतात आणि कोठें चुकतात ह्याचा पद्धतशीर अभ्यास युरोप-अमेरिकेंत गेलीं कित्येक वर्षें चालू आहे. त्यासाठीं मोजमापाचीं साधनें तयार झालीं आहेत. आणि त्यांतून निघालेले निष्कर्ष आपल्यासारख्या वृद्ध आणि लेंकुरें एकत्र नांदणाऱ्या कुटुंबांनीं विचारांत घेण्याजोगे आहेत. रस्त्यावर वाट दाखविणारा खिशांतील फोन छपराखालीं गेल्यावर बहुधा पंगु होतो; कारण उपग्रहांचे संकेत भिंती आणि स्लॅब भेदून पुरेसे आंत पोंचत नाहींत. तेव्हां इमारतीच्या आंत आपले डोळे, आपली आठवण आणि इमारतीची मांडणी ह्या तिघांवरच सारी भिस्त. पहिल्या दोहोंची परीक्षा आपण सदैव घेतों. तिसरीची मात्र कोणी घेत नाहीं.

इमारतीविषयीं तक्रार केली तर नेहमींचें उत्तर ठरलेलें असतें : "जागोजाग पाट्या लाविल्या आहेत, वाचीत चला." पाट्या निरुपयोगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पाट्यांनीं सर्व काम भागतें काय, हें प्रयोगानें पाहण्यांत आलेलें आहे. १९८१ सालीं जेराल्ड वाइसमन ह्या अमेरिकन संशोधकानें इमारतीची सुबोधता चार गोष्टींवर अवलंबून असते असें मांडलें : नजर लांबवर पोंचते कीं नाहीं, एक भाग दुसऱ्याहून वेगळा ओळखूं येतो कीं नाहीं, पाट्या व खुणा कशा आहेत, आणि एकंदर नकाशा किती सोपा आहे. पुढें १९९१ सालीं मायकेल ओनील ह्यानें ह्यांतील शेवटच्या दोन गोष्टींची एकमेकींशीं तुलना केली. पाट्यांनीं चुका कमी होतात हें खरें ठरलें. परंतु अत्यंत गुंतागुंतीच्या ठिकाणीं पाट्या असतांनाही लोकांनीं जितकीं चुकीचीं वळणें घेतलीं, तितकीं अगदीं सोप्या ठिकाणीं पाट्या मुळींच नसतांना घेतलीं नाहींत. म्हणजे मूळ आंखणींत जी गांठ बसते ती पाट्यांनीं सैल होते, सुटत नाहीं.

आतां ही गांठ मोजावी कशी ? ह्या विचाराचें मूळ शोधूं गेल्यास तें प्रशियांतील कोनिग्सबर्ग शहरापर्यंत जातें. सांप्रत तें कालिनिनग्राद ह्या नांवानें रशियांत मोडतें. तेथें नदीवर सात पूल होते, आणि प्रत्येक पूल एकदांच ओलांडून साऱ्या शहराचा फेरा करतां येईल काय असें एक कोडें लोकांत प्रचलित होतें. १७३६ मध्यें ऑयलर ह्या थोर गणितज्ञानें तसें होणें अशक्य आहे हें सिद्ध केलें. त्याची युक्ति अशी कीं, पुलांची लांबी, रस्त्यांची रुंदी, अंतरें हें सर्व त्यानें बाजूस सारिलें आणि कोणती जागा कोणत्या जागेशीं जोडलेली आहे एवढेंच ध्यानांत घेतलें. वाट सांपडते कीं अडते हें लांबीवर नव्हे तर जोडणीवर ठरतें, हा त्या युक्तीचा मथितार्थ.

हीच दृष्टि इमारतींस व वस्त्यांस लावण्याचें श्रेय लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांतील बिल हिलियर आणि ज्यूलियन हॅन्सन ह्यांजकडे जातें. १९७० नंतरच्या दशकांत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या अभ्यासाचा पाया घातला, आणि १९८४ मध्यें 'द सोशल लॉजिक ऑफ स्पेस' हा त्या दोघांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ह्या पद्धतीस 'स्पेस सिंटॅक्स' असें नांव आहे; आपण तिला जागांचें व्याकरण म्हणूं. वाक्यांत जसा एकेका शब्दापेक्षां शब्दांचा परस्पर अन्वय महत्त्वाचा, तसा इमारतींत एकेका खोलीपेक्षां खोल्यांचा परस्पर अन्वय महत्त्वाचा, ही तिची भूमिका. घटाकाश आणि मठाकाश हे वेदान्तांतील दृष्टान्त ज्यांच्या कानांवरून गेले आहेत त्यांना हें नवल वाटणार नाहीं कीं, हे पंडित भिंतींचा अभ्यास न करितां भिंतींनीं वेढलेल्या पोकळीचा अभ्यास करतात.

त्यांची मोजणी घरांतील शाळकरी मुलासही करतां येईल इतकी सोपी आहे. आपल्या ओळखीचा एक वाडा नमुन्यादाखल घेऊं. रस्त्यावरून देवडी, देवडींतून चौक, चौकांतून ओसरी. ओसरीला लागून एकीकडे बैठकीची खोली आणि समोर माजघर. माजघरांतून तीन दारें : एक देवघराचें, एक स्वयंपाकघराचें, एक बाळंतिणीच्या खोलीचें. स्वयंपाकघराच्या मागें परसूं. त्याला दुसरी वाट नाहीं. एका जागेंतून लगतच्या जागेंत जाणें हा एक टप्पा मानावयाचा. मग रस्त्यापासून देवडी एका टप्प्यावर, चौक दोन, ओसरी तीन, बैठक व माजघर चार-चार, देवघर, स्वयंपाकघर व बाळंतिणीची खोली पांच-पांच, आणि परसूं सहा टप्प्यांवर. ह्यांची बेरीज ३५; ती नऊ जागांनीं भागिली म्हणजे सरासरी जवळजवळ ३.९. हा रस्त्यावरून पाहणाऱ्यास वाटणारा वाड्याचा खोलपणा.

आतां रस्ता सोडून माजघरांत उभें राहूं व तेथून रस्त्यासह इतर नऊ जागांचे टप्पे मोजूं. बेरीज १७, सरासरी सुमारें १.९. ओसरीवरून मोजलें तरीही १७च. उलट बाळंतिणीच्या खोलींतून मोजलें तर २५. ओसरीवर कर्ते पुरुष आणि माजघरांत बायका, असे ह्या घराला दोन समान मध्य आहेत. आणि बाळंतीण घराच्या पोटांत पण राबत्यापासून दूर आहे. कुळें, भिक्षुक, परके पाहुणे ओसरीपर्यंत येत. स्वयंपाकघराचें सोवळें पांचव्या टप्प्यावर राखलेलें असे. हे नियम कोणत्याही पोथींत लिहून भिंतीवर टांगावे लागत नसत. ते दारांच्या रचनेंतच बसविलेले असत.

आतां ह्याच वाड्याच्या परसांतून मागच्या गल्लींत उघडणारें एकच दार पाडूं. बाहेरून मोजलेली बेरीज ३५ वरून २४ वर येते. स्वयंपाकघर पांचव्या टप्प्यावरून दुसऱ्यावर येतें. ओसरीची बेरीज १७ची १७च राहते, पण माजघराची १६ होते. म्हणजे एका दारानें घराचा मध्य ओसरीवरून सरकून माजघरांत आला. बायकांना आल्यागेल्याची वार्ता, भाजीवाली, दूधवाला, शेजारीण हीं सारीं पुरुषांच्या बैठकीपुढून न जातां गांठतां आलीं. मागील दाराचें महत्त्व आपल्या आजींस ठाऊक होतें; त्याचा हिशेब काय तो आतां झाला.

ज्या जागेची अशी सरासरी सर्वांत कमी, ती साऱ्या इमारतीशीं सर्वांत अधिक सांधलेली. जिची सर्वांत अधिक, ती सर्वांत अलग. ह्या दोन टोकांच्या मधें प्रत्येक जागेचें स्थान आंकड्यांत सांगतां येतें. आणि येथूनच आपण पुन्हां इस्पितळाकडे वळतों. कारण हिलियर आणि हॅन्सन ह्यांनीं ह्या खोलपणावरून एक मार्मिक भेद दाखविला आहे. सामान्य इमारतींत घरचीं माणसें खोल राहतात आणि आलागेला उथळ भागांत थांबतो. घर, दुकान, देऊळ ह्यांत गाभा धन्याचा किंवा देवाचा, आणि दर्शनी भाग आल्यागेल्याचा. परंतु इस्पितळ, तुरुंग अशा कांहीं संस्थांत हा क्रम उलटतो. तेथें बाहेरून आलेला माणूस खोल, टोकाच्या कोठडींत किंवा खाटेवर पडतो, आणि संस्थेचे अधिकारी मधल्या बोळांवर व चौकांवर सत्ता चालवितात. अशा इमारतींस त्यांनीं उलट्या इमारती म्हटलें आहे. आपल्या घरीं माजघरांतून साऱ्या घराचें सूत्र हालविणारी काकू इस्पितळांत शिरतांक्षणींच सर्वांत खोल आणि सर्वांत अनभिज्ञ जागीं जाऊन पडते. तिचें अवसान गळतें ह्यांत नवल कसलें ?

अनोळखी इमारतींत माणूस प्रत्यक्ष कसा वागतो हें १९९० मध्यें जॉन पेपोनिस, क्रेग झिमरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यानें अमेरिकेंतील एका इस्पितळांत पाहिलें. कांहीं माणसांना आधीं तेथें मोकळें फिरूं दिलें व नंतर ठराविक ठिकाणें शोधण्यास सांगितलें. त्यांचे मार्ग नकाशावर उतरविले तेव्हां दिसून आलें कीं, वाट ठाऊक नसतांना माणसें सैरावैरा धांवत नाहींत. तीं अधिक सांधलेल्या बोळांकडे ओढलीं जातात, आणि चुकल्यावरही तेथेंच परत येऊन पुन्हां प्रयत्न करतात. म्हणजे गोंधळलेल्या माणसाच्या पायांतही एक प्रकारची समज असते. इमारतीनें तिला उत्तर द्यावें एवढेंच हवें. जेथें सर्वांत सांधलेली जागाच अंधारी, अरुंद किंवा कुलुपाआड, तेथें ती समज वाया जाते.

टप्पे मोजण्याच्या जोडीला नजरेचीही मोजणी आहे. एका ठिकाणीं उभें राहून चोहों बाजूंस वळल्यावर जेवढी जागा दिसते तेवढ्या आकृतीस १९७९ मध्यें मायकेल बेनेडिक्ट ह्यानें गणिती रूप दिलें. तिला 'आयसोव्हिस्ट' म्हणतात. वाड्याच्या चौकांत ही आकृति ऐसपैस पसरते, जिन्याखालच्या कोनाड्यांत ती मुठीएवढी होते. २००१ मध्यें लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील अलास्डेर टर्नर व त्याचे सहकारी ह्यांनीं साऱ्या नकाशावर बारीक चौकटी आंखून कोणत्या चौकटींतून कोणती चौकट दिसते ह्याचें जाळें संगणकाकडून विणून घेण्याची रीत प्रसिद्ध केली. टर्नर ह्याची 'डेप्थमॅप' नांवाची संगणकीय आज्ञावली ह्याच कामाची. तीमुळें न बांधलेल्या इमारतीचेंही उघडे व आडोशाचे भाग आधींच रंगवून पाहतां येतात.

हें सर्व कागदावरचें गणित आहे कीं माणसें खरोखर तसें चालतात, अशी शंका कोणीही घेईल. लंडन येथील मिलबँकवरील टेट गॅलरीत ह्याची परीक्षा १९९० नंतरच्या दशकांत झाली. शंभर प्रेक्षकांचा दारापासून दहा मिनिटें मागोवा घेऊन त्यांचे मार्ग नकाशावर आंखले गेले, आणि कोणत्या दालनांत किती वर्दळ होईल हें बरेंचसें दालनांच्या परस्पर जोडणीवरून सांगतां येतें असें आढळलें. पुढें २००२ मध्यें टर्नर आणि ॲलन पेन ह्यांनीं त्याच गॅलरीच्या नकाशांत संगणकानें कल्पित पांथस्थ सोडले. त्यांना ना चित्रांची आवड, ना स्मरण, ना घाई. समोरचें सुमारें १७० अंशांचें दृश्य पाहावें, त्यांतील एखाद्या जागेची दिशा धरावी, तीन पावलें टाकावीं, आणि पुन्हां पाहावें, एवढीच त्यांना आज्ञा. तरीही त्यांची वर्दळ खऱ्या प्रेक्षकांच्या वर्दळीशीं पुष्कळच जुळली. आपण स्वेच्छेनें हिंडतों असें आपणांस वाटतें. पण समोर किती मोकळें दिसतें हें आपल्या पायांस बरेंच कांहीं सांगत असतें.

मजल्यावर मजले चढले कीं अडचण वाढते. जर्मनींतील एका परिषद्गृहांत क्रिस्टोफ ह्योल्शर आणि सहकाऱ्यांनीं केलेला अभ्यास २००६ मध्यें प्रसिद्ध झाला. तेथें वाट शोधणाऱ्यांच्या तीन रीती आढळल्या : कोणी प्रथम ओळखीच्या मध्यवर्ती जागेकडे येऊन मग पुढें निघे, कोणी ठिकाण ज्या दिशेस असावें त्या दिशेनें आडवें जाई, आणि कोणी आधीं योग्य मजला गांठून नंतर त्यावर शोध घेई. इमारतीचे माहितगार बहुधा ही तिसरी रीत वापरीत, आणि तीच अधिक फलदायी ठरली. नवखा मात्र असें धरून चालतो कीं, खालच्या मजल्यावर जसा बोळ तसाच वरच्यावर असेल; आणि तसा तो नसला म्हणजे फसतो. अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहराचें मध्यवर्ती ग्रंथालय २००४ मध्यें उघडलें. रेम कूलहास ह्यांच्या संस्थेनें आंखलेली ही इमारत स्थापत्याच्या दृष्टीनें अतिशय वाखाणली गेली. परंतु वर नेणारा लांब सरकता जिना आहे आणि त्याच वाटेनें खालीं आणणारा नाहीं, अशा रचनेमुळें तेथें पुष्कळांची फसगत होते. आणि लॉरा कार्लसन व सहकाऱ्यांनीं २०१० मध्यें 'इमारतींत हरवणें' ह्या विषयावरील आपल्या निबंधांत ह्याच ग्रंथालयाचें उदाहरण घेतलें. सुंदर इमारत आणि सुबोध इमारत ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हें त्यावरून ध्यानांत येतें.

कोणी म्हणेल, दहा मिनिटें इकडे-तिकडे झालीं तर एवढें काय बिघडलें ? बिघडतें तें तीन प्रकारें. पहिलें द्रव्य. अमेरिकेंतील ६०४ खाटांच्या एका इस्पितळांत वाट चुकण्यामुळें होणाऱ्या खर्चाचा हिशेब झिमरिंग ह्यानें १९९० मध्यें मांडला. तो वर्षाला २,२०,००० डॉलरांहून अधिक निघाला. आणि वाट सांगणें हें ज्यांचें काम नव्हे अशा नोकरवर्गाचे वर्षाला ४,५०० हून अधिक तास वाट सांगण्यांत जात होते. ज्या परिचारिकेनें रोग्याजवळ असावयाचें ती बोळांत बोट दाखवीत उभी !

दुसरें, प्राण. २ ऑगस्ट १९७३ रोजीं आइल ऑफ मॅन बेटावरील समरलँड नांवाच्या करमणुकीच्या केंद्रास आग लागून ५० माणसें मृत्युमुखीं पडलीं. जोनाथन साइम ह्या मानसशास्त्रज्ञानें बचावलेल्यांच्या हकीकती तपासून १९८५ मध्यें जो निष्कर्ष काढला तो प्रत्येक कुटुंबप्रमुखानें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. संकटांत माणसें जवळचें दार शोधीत नाहींत. तीं ओळखीचें दार शोधतात, आणि आपल्या ताटातूट झालेल्या माणसांकडे धांवतात. संकटसमयीं बाहेर पडण्याचें दार तेथील नोकरांच्या ओळखीचें होतें. आलेल्या पाहुण्यांचें पाऊल ज्या दारानें आंत आलें त्याच दाराकडे वळलें. म्हणून जो जिना नेहमीं बंद, अडगळीनें भरलेला आणि नजरेआड, तो आगीच्या दिवशीं असून नसल्यासारखा.

तिसरें, वृद्धांची प्रतिष्ठा. आणि आमच्या मते हें सर्वांत दुर्लक्षिलेलें आहे. गेझीने मार्क्वार्ट आणि पेटर श्मीग ह्यांनीं जर्मनींतील ३० वृद्धाश्रमांत, स्मृतिभ्रंश झालेल्या रहिवाशांना आपल्या रोजच्या जागा कितपत सांपडतात हें पाहिलें. तो अभ्यास २००९ मध्यें प्रसिद्ध झाला. जेथें बोळ सरळ होता तेथें त्यांस वाट अधिक चांगली सांपडे. जेथें बोळास वळणें होतीं तेथें कमी. एकत्र जेवण्याबसण्याची एकच ठळक जागा असली तर ती खूण म्हणून उपयोगी पडे. रोग तोच, औषध तेंच. फरक केवळ भिंतींचा. ज्याची स्मृति खरोखरच क्षीण झाली आहे त्यालाही सरळ बोळ हात देतो, तर धडधाकट माणसास वेडावांकडा बोळ वेडा ठरवूं शकतो, हें उघड आहे.

ह्या शास्त्रावर आक्षेप नाहींत असें नाहीं. कार्लो रात्ती ह्यानें २००४ मध्यें दाखवून दिलें कीं, मूळच्या रेषापद्धतींत नकाशांतील लहानशा फरकानेंही उत्तर एकदम पालटूं शकतें, आणि इमारतींची उंची व वापर तींत धरलेला नाहीं. कार्लसन व सहकारीही सांगतात कीं, हरवण्याचीं कारणें तीन : इमारतीची रचना, तिचें मनांत उमटलेलें चित्र, आणि ज्याची त्याची रीत व शक्ति. तेव्हां प्रत्येक वेळीं दोष भिंतींचाच असें समजून स्वस्थ बसणेंही बरें नाहीं. जन्मभराच्या ओळखीच्या घरांत किंवा गल्लींत एखादें वृद्ध माणूस वारंवार वाट चुकूं लागलें तर तें वैद्यास दाखविलेंच पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, अनोळखी इमारतींत एकदां चुकलेल्या माणसाचा निकाल लावण्यापूर्वीं इमारतीचीही साक्ष काढावी.

ह्या ज्ञानाचा घरगुती उपयोगही आहे. मोठ्या इमारतींत जातांना प्रत्येक वळणावर क्षणभर मागें वळून पाहावें. कारण परततांना तोच देखावा समोर येणार असतो, आणि तो आपण एरवीं पाहिलेलाच नसतो. चुकल्यास पुढें खोल न जातां जेथें पुष्कळ वाटा मिळतात अशा मोकळ्या जागीं परत यावें. वर-खालीं जावयाचें असल्यास आधीं मजला गांठावा. सिनेमागृहांत किंवा मंगल कार्यालयांत मुलांना दुसरें दार दाखवून ठेवावें, आणि चुकामूक झाल्यास कोठें भेटावयाचें तें ठरवावें. नवीन सदनिका घेतांना किंवा जुना वाडा पाडून नवी इमारत उठवितांना, किती चौरस फूट ह्याबरोबरच, आजींच्या खोलींतून स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मुख्य दार किती टप्प्यांवर पडतें हेंही एका कागदावर मांडून पाहावें. आणि आमच्या वाचकांपैकीं जे कोणी इस्पितळांच्या वा शाळांच्या विश्वस्त मंडळांवर असतील त्यांनीं चौकशीचें टेबल दाराशीं न ठेवतां जेथें वाटा फुटतात तेथें ठेवावें, व बाहेरून येणाऱ्या रोग्यांच्या तपासण्या शक्य तितक्या उथळ जागीं आणाव्या. ह्याला फार पैसा लागत नाहीं; पाट्या रंगविण्यापूर्वीं एकदां टप्पे मोजावे लागतात.

आम्हीं त्या इस्पितळाचा नकाशा आठवणीनें काढला. मुख्य दारापासून तपासणीची खोली सातव्या टप्प्यावर. वाटेंत हुबेहूब सारखे दोन तिठे. परततांना पहिल्या तिठ्यावर उजवीकडे वळावयाचें, पण तेथून दर्शनी दिवाणखाना दिसत नाहीं. डावीकडील बोळ मात्र रुंद आणि उजेडाचा. ज्याचे डोळे ठिकाणावर आहेत असा कोणीही डावीकडेच वळेल, आणि बांकावर जाऊन बसेल. दरम्यान डॉक्टरांनीं काकूंना तपासून स्मृतीच्या बाबतींत काळजीचें कांहीं नाहीं असें सांगितलें होतें. पण काकूंचा त्यावर विश्वास बसला नव्हता. म्हणून आम्हीं तो कागद त्यांच्यापुढें ठेवला. त्यांनीं चष्मा लावला, बोटानें एकेक वळण घेतलें, दुसऱ्या तिठ्यावर बोट थांबवून विचारलें, "म्हणजे इथं तूंही चुकलास तर ?" आम्हीं कबूल केलें.

त्यांनीं कागद घडी करून पोथीच्या कापडांत ठेवला. दुसऱ्या दिवशीं पहाटे दिंडीच्या दाराची कडी वाजली. कोणी सोबत निघालें नाहीं, आणि कोणी विचारलेंही नाहीं. काकू देवळांत जाऊन नेहमींच्या वेळीं परत आल्या.